चिंधी जुळल्याशिवाय

गिरजामाय, तुझ्या नावापुढे त्यांनी 'बेवारस' असं लिहिलं. मी समोर उभी होते. बाबा माझ्या बाजूला, कुबडी काखेत धरून. दोन जिती माणसं टेबलापलीकडे उभी असताना सरकारी दवाखान्यातल्या माणसाने मान खाली घालून तो शब्द लिहिला आणि खाली रेघ मारली. मी म्हटलं, "अहो, आम्ही आहोत ना." त्याने विचारलं, "नातं काय?" मी म्हटलं, "ओळखीची आहे." तो म्हणाला, "ओळखीचा रकाना नाही राहत, ताई." वाईट माणूस नव्हता तो. त्याच्यापुढे छापलेला कागद होता आणि तू त्या कागदात बसत नव्हतीस. तू जिवंत होतीस तेव्हाही कुठल्या कागदात बसत नव्हतीस, तेव्हा हे नवीन काहीच नाही. तरी माझं डोकं अजून थंड झालेलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

तुला वाचता येत नव्हतं. मी काही लिहीत बसले की तू म्हणायचीस, "लिह वं बी.एस्सी., लिह. लिहून तुहं पोट भरते, माहं बोलून भरते." मला नावाने तू कधी हाक मारलीच नाहीस. सकाळी मी रक्ततपासणीच्या केंद्राचं शटर वर करायला आले की झाडाखालून आवाज यायचा, "काहून वं बी.एस्सी., आज उशीर? मशीन वाट पाहून राहिली ना तुही." रस्त्यावरचे लोक वळून बघायचे. मला लाज वाटायची नाही, उलट बरंच वाटायचं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बाबांनी ती फ्रेम करून दारासमोर लावली आहे. पण माझी पदवी नागपूरच्या भर धंतोलीत रोज सकाळी ओरडून सांगणारी तू एकटीच होतीस.

आपली ओळखही बाबांमुळेच झाली. बाबा सेंट्रिंगच्या कामावरून पडले, मांडीचं हाड मोडलं, आणि आम्ही त्यांना इथल्या दवाखान्यात आणलं. माझं शेवटचं वर्ष, पेपर तोंडावर आलेले. पाठीवर कॉलेजची बॅग, एका हातात चादर, दुसऱ्या हातात डबा, आणि दवाखान्याच्या दारातला गार्ड एकच म्हणत होता, "सामान बाहर रखो." बाहर म्हणजे कुठे, ते तो सांगत नव्हता. मी रस्त्याकडे वळले तर कडुनिंबाखालून तू हात हलवलास.

"ये वं पोट्टी, इकडे ये. ठेव इथी. हे झाड काही त्या गार्डाच्या बापाचं नाही."

मी बॅग ठेवली, पण सोडवेना. त्यात माझी पुस्तकं होती. तू माझ्याकडे पाहिलंस आणि एका जुन्या लुगड्याचा काठ दाताने धरून टर्रकन फाडलास. त्या चिंधीचे पुन्हा दोन तुकडे. एक माझ्या बॅगच्या पट्ट्याला बांधलास, दुसरा माझ्या हातात दिलास.

"हे दाखवल्याशिवाय तुह्या मायलेही देणार नाही."

"कात्री देऊ का? माझ्याकडे आहे," मी म्हटलं.

"कैची नाही लागत. कैचीनं कापलं का कोणाचंही कोणाले जुळते. फाडलेलं आपल्याच अर्ध्याले जुळते." मग बॅग उचलून बघितलीस. "काय शिकून राहिली?"

"बी.एस्सी."

"म्हणजे डॉक्टर का?"

"नाही."

"मंग येवढं जड काहून उचलून राहिली?"

बाबांचं ऑपरेशन चालू होतं आणि मी रस्त्यावर उभी राहून हसत होते. ते हसू मी तुझं देणं लागते, असं म्हणणार होते, पण तू चिडली असतीस. देणंघेणं तुला आवडायचं नाही. सामान सांभाळायचं लोक देतील ते घ्यायचीस, नाही दिलं तर "पेशंट बरा होऊ दे" म्हणायचीस.

कुठून कुठून लोक यायचे. गडचिरोलीचे, यवतमाळचे, पार बैतूलकडचे. बोचकी, चादरी, पाण्याच्या कॅन, तांदळाची पिशवी. आत नेऊ देत नाहीत, लॉज परवडत नाही. ते सगळं तुझ्याकडे, रांगेने भिंतीला टेकवून, प्रत्येकाला चिंधी. उमरेडच्या कोष्ट्याची बायको तू, काठ कोणता कुठल्या लुगड्याचा ते बघायचीही गरज पडायची नाही, बोटाने चाचपून गाठोडं काढून द्यायचीस. तुझा नवरा याच गल्लीतल्या दवाखान्यात वारला आणि मागे उमरेडच्या खोलीला दिराने कुलूप लावलं, हे तू मला एकदाच सांगितलंस, तेही दुसरं काहीतरी सांगता सांगता. मी खोदून विचारलं नाही.

एक मात्र मी पाहिलेलं आहे. कोणाचा पेशंट गेला की ते लोक दवाखान्यातून बाहेर यायचे ते वेगळेच. त्यांच्या हातात चिंधी असायची नाही, कुठे पडली ते त्यांना ठाऊक नसायचं. तू त्यांना चिंधी मागायची नाहीस. उठायचीस, त्यांचं गाठोडं काढायचीस, त्यावरची गाठ स्वतःच्या हाताने सोडायचीस आणि गाठोडं त्यांच्या खांद्यावर द्यायचीस. मी एकदा म्हटलं, "चुकीच्या माणसाला गेलं तर?" तू म्हणालीस, "अशा टायमाले तोंड खोटं बोलत नाही, वं."

आणि या बाईला, माय, त्यांनी गुन्हेगार केलं.

शहरात कोणीतरी मोठे पाहुणे येणार होते. दुभाजकावर रंग लागला, भिंतींवर मोर काढले, आणि एका सकाळी महापालिकेच्या पथकाची गाडी आपल्या गल्लीत आली. मी शटर अर्धं वर केलं होतं. साहेब खाली उतरले, रांगेतल्या गाठोड्यांकडे बोट केलं.

"हे सामान कोणाचं?"

तू हात जोडून म्हणालीस, "माहं नाही, सायेब."

खरंच होतं ते. तुझं नव्हतंच. लोकांनी विश्वासाने ठेवलेल्या वस्तूला तू 'माझी' कशी म्हणशील? पण साहेबांनी मागे वळून सांगितलं, "बेवारस आहे, भरा." माणसं गाठोडी उचलून ट्रकमध्ये फेकायला लागली. तू धावलीस. "सायेब, याच्या मालकायले येऊ द्या! चिंध्या बांधल्या हाय त्याले!" तेव्हा त्यांनी तुला विचारलं, "तुझं कोण आहे इथे?"

तू म्हणालीस, "कोणी नाही."

तेही खरंच. दोनदा खरं बोललीस आणि दोन्ही खरं तुझ्यावर उलटलं. सामान तुझं नाही म्हणून ते ट्रकमध्ये, तुझं कोणी नाही म्हणून तू व्हॅनमध्ये. झाडापलीकडे झोपणारा आंधळा दशरथ, तो तर मंदिरापुढे मागायचाच, त्यालाही तुझ्यासोबत भरलं. मी रस्ता ओलांडून गेले, "अहो, त्यांना कुठे नेता?" म्हटलं, तर एक जण म्हणाला, "मॅडम, तुमचं काम करा ना. तुमच्याच गल्लीची सफाई चालू आहे."

सफाई. मी हा शब्द विसरणार नाही.

दुपारी काटोलची एक बाई आली. तिचा पोरगा आयसीयूत होता. तिच्या हातात हिरव्या काठाची चिंधी. ती रिकाम्या भिंतीसमोर उभी राहिली, चिंधीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि मला विचारलं, "माय कुठी गेली?" मी काय सांगायचं होतं?

तुला ज्याखाली नेलं तो भीकबंदीचा कायदा मी नंतर काढून वाचला, मोबाइलवर, डबा खाता खाता. माझा विषय रसायनशास्त्र, कायदा नाही, पण मराठी कळतं मला. त्यात भीक मागण्याचा अर्थ नुसता हात पसरणं एवढाच नाही. ज्याचं पोट कशावर चालतं ते दिसत नाही आणि जो उघड्यावर राहतो, तोही भिकारीच समजता येतो. म्हणजे तू एकदाही कोणापुढे हात पसरला नसशील, तरी तू त्यात येतेस. दिसत नाही म्हणे! भिंतीला लावलेली एवढी मोठी रांग दिसली नाही? ट्रक भरून नेली ती काय हवा होती? माणसाकडे घर नाही, तर त्याला घर द्यायचं सोडून त्याची चादर काढून घ्यायची आणि वर त्यालाच कोर्टात उभं करायचं. ज्याच्याकडे आधीच काही नाही त्याला दंड करायचा तरी कशाचा, तर त्याच्या अंगाचा. म्हणून अंगच कोंडायचं.

मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून कोर्टात गेले. गळ्यातलं ओळखपत्र मुद्दाम बाहेर काढून ठेवलं. विचारलं तेव्हा स्पष्ट सांगितलं, की ही भिकारी नाही, कष्ट करून खाते, मी रोज बघते. तुला समज देऊन सोडलं. समज! तुला काय समजायचं राहिलं होतं, ते त्यांनाच ठाऊक.

तू बाहेर आलीस तेव्हा डोक्यावर पदर घट्ट ओढलेला होता. मला वाटलं ऊन आहे म्हणून. मग पदर सरकला आणि मी बघितलं, तुझे केस काढून टाकले होते. उवा होतात म्हणे, भिक्षेकरीगृहात सगळ्यांचेच काढतात. मला रडू आलं. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "रडतं काहून, वं? उन्हाळा येऊनच राहिला. डोकं थंड राहीन." आणि दुसरं वाक्य काय बोललीस? "ते काटोलवाली भेटली का? तिच्या पोराचे कागद होते गाठोड्यात."

ऑटोत आपलं भांडण झालं. मला राग होता, तुझ्यावरच काढला.

"माझं आहे म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? निदान बेवारस तरी झालं नसतं."

"लोकाचं गाठोडं माहं कसं म्हणू? मंग ते ठेवतीन माह्यापाशी?"

"आणि तुझं कोणी नाही कशाला म्हटलंस? मी होते ना समोर."

तू म्हणालीस, "तू कामावर होती. तुले काहून गोवू?" थोड्या वेळाने परत, "दशरथाचं काय केलं?"

मी म्हटलं, "दशरथ मागतो. त्याच्यासाठी मी काय सांगणार?"

"म्हणजे मी काम करतो म्हणून मले सोडा, आन् त्याले दिसत नाही म्हणून त्याले ठेवा? हे तुहं बी.एस्सी.चं गणित होय का?"

"मी गणितात नाही, केमिस्ट्रीत आहे," मी म्हटलं. तू हसली नाहीस. ऑटोवाला मात्र हसला.

ते भांडण आपण नंतर पुष्कळदा काढलं, कधी चहा घेता घेता, कधी तू नुसती "दशरथ" म्हणायचीस आणि तोंड फिरवायचीस. ते मिटलं नाही. मी अजून पूर्ण तुझ्यासारखी नाही झाले, हे खोटं कशाला सांगू? आमच्या घरात हात पसरणं म्हणजे मरणापेक्षा वाईट, असंच आम्हाला वाढवलं आहे. बाबा प्लास्टर असताना खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या सळ्यांना तार बांधत होते. मला भीक मागितलेली आवडत नाही. पण मला आवडत नाही म्हणून आंधळ्या माणसाला कोंडायचं? दशरथ अजून आत आहे, माय. त्याला तू गेल्याचंही कोणी सांगितलं नसेल.

तू परत आलीस तेव्हा झाडाखाली जागा उरली नव्हती. बुंध्याभोवती सिमेंटच्या कुंड्या, आणि कुंड्यांच्या मध्ये, फुटपाथवर, टोकदार लोखंडी सळ्या. सुशोभीकरण. कुंड्यांतली रोपं पहिल्याच आठवड्यात वाळली, सळ्या तशाच आहेत. कोणीतरी बसून, मोजमाप घेऊन, माणसाचं बूड कुठे टेकू शकतं त्याचा विचार करून त्या बसवल्या असतील. एवढा विचार तू कुठे बसशील याचा कोणी केला नाही. निवारे आहेत म्हणतात. गेली होतीस तू. तिथून सकाळी बाहेर काढतात, आणि गाठोडी आत चालत नाहीत. नागपूरचा उन्हाळा काय फक्त रात्री असतो?

तू रस्त्यापलीकडे गेलीस, पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीजवळ. दुपारनंतर तिथे हात लावला तर चटका बसायचा. मी म्हटलं, "माय, इथे नको." तू म्हणालीस, "लोकं इथूनच बाहेर येते. दुसरीकडे बसली तर त्यायले दिसणार कशी?" त्यांना तू दिसायला हवी होतीस. साहेबांना दिसायला नको होतीस. या दोन्हींच्या मधोमध तुझं आयुष्य चाललं होतं.

तेव्हाच तू तुझं स्वतःचं गाठोडं माझ्याकडे आणलंस. "हे माहं हाय," म्हणालीस. "हे तरी माहंच हाय. हे नेलं तर मी काही बोलू नाही शकत. तुह्या काउंटरखाली ठेव." आणि फाडलीस चिंधी, जांभळ्या काठाची. एक तुकडा गाठोड्याला. दुसरा तुझ्या मनगटाला बांध म्हणालीस. मी बांधला. तू हात पुढे धरून हसलीस. "आता तू माय आन् मी गिऱ्हाईक. चिंधी पाहिल्याशिवाय देशीन तर याद राख."

मे महिन्यातल्या त्या दुपारी मी एसीत बसले होते. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. नमुने खराब होतात म्हणून आमच्याकडे एसी लागतो. रक्ताच्या बाटल्यांना थंडावा पाहिजे, हे सगळ्यांना पटतं. चहावाला धावत आला, "ताई, तुमची माय पडली." तू भिंतीला टेकलेलीच होतीस, मांडीवर कोणाचं तरी गाठोडं, अंग तव्यासारखं. चारी बाजूला दवाखाने. जिथे तू वर्षानुवर्षं त्यांच्या पेशंटांची बोचकी राखलीस, त्या दारातला गार्ड म्हणाला, "सोबत कोण आहे?" मी म्हटलं, "मी आहे." तो आत विचारायला गेला. तो येईपर्यंत आम्ही तुला ऑटोत घातलं होतं. सरकारी दवाखान्यात पोहोचेपर्यंत तू नव्हतीस. ऊन लागून गेली असं सगळे म्हणाले. ऊन काय नवीन आहे इथे? सावली काढून घेतली होती, ते कोणी म्हणालं नाही.

पोलिसांनी उमरेडला फोन लावला. दिराच्या पोराने सांगितलं, तिकडेच काय ते करून टाका. मग तो रकाना, तो शब्द, ती रेघ. घाटावर बाबा आले, आई आली, चहावाला आला, आणि एक बाई आली जिला मी ओळखलं नाही. ती म्हणाली, तिचा नवरा गेला त्या दिवशी तू तिच्या गाठोड्याची गाठ सोडून दिली होतीस. एवढे आम्ही उभे होतो आणि कागदावर कोणीच नव्हतं. बांगड्या काढताना घाटावरचा माणूस तुझ्या मनगटावरची चिंधी कापायला लागला. मी म्हटलं, राहू द्या. ती तुझ्यासोबत गेली. संध्याकाळी आईने विहारात मेणबत्ती लावली. बाबा घरी येऊन एवढंच म्हणाले, "तिनं मले एकदा बी विचारलं नाही का तू कोणत्या जातीचा. सामान कोणतं, एवढंच विचारलं."

काल हवालदार आला केंद्रात. चांगला घामाघूम झाला होता. मी त्याला पाणी दिलं.

"ताई, त्या मयताचं काही सामान हाय म्हणते तुमच्यापाशी. बेवारस मालात जमा करा लागते."

मी काउंटरखालून गाठोडं काढून वर ठेवलं. अजून उघडलेलं नाही. आत काय आहे मला माहीत नाही, आणि तो प्रश्नही नाही.

"हे तुमचं हाय का?" त्याने विचारलं.

मी 'हो' म्हणू शकले असते. तुला ऑटोत हेच तर सांगत होते मी, माझं म्हण आणि मोकळी हो. तोंडाशी आलं होतं. पण लोकांचं गाठोडं माझं कसं म्हणू?

"नाही," मी म्हटलं. "गिरजाबाईंचं आहे."

"मंग बेवारसच झालं ना."

"बेवारस नाही. ठेवलेलं आहे. ही चिंधी बघा. याची दुसरी आणा, जुळली की घेऊन जा."

"दुसरी कुठी हाय?"

"तिच्या हातात होती. तुम्हीच जाळली."

रक्त द्यायला आलेले दोघं-तिघं पेशंट आमच्याकडे बघायला लागले. मग त्याने टोपी काढून कपाळ पुसलं. "सायेबाले काय सांगू आता?"

"जे मी सांगितलं तेच सांगा."

तो गेला. परत येईल. साहेबही येतील कदाचित. येऊ देत. मी शिकलेली आहे, नोकरीला आहे, माझं घर आहे, मला व्हॅनमध्ये घालायला त्यांना विचार करावा लागेल. तुझ्या वेळी करावा लागला नव्हता. ही एवढीच गोष्ट आहे तुझ्यामाझ्यात, आणि तिचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

गाठोडं काउंटरखालीच आहे, माय. गाठ मी सोडलेली नाही.